कोल्हापूरला समुद्र नाहीं!

कांहीं वाक्यें इतकीं खरीं असतात कीं, त्यांच्या आड कितीहि मोठी चूक सुखानें लपूं शकते. 'कोल्हापूरला समुद्र नाहीं' हें त्यांपैकींच एक. भूगोलाच्या परीक्षेंत हें वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतील. परंतु सुशिक्षितांच्या बैठकींत एखाद्या विषयाचा निकाल लावण्यासाठीं तें उच्चारलें गेलें म्हणजे तें भूगोलाचें राहत नाहीं. तें आळसाचें वकीलपत्र घेतें.

गेल्या महिन्यांत शाहूपुरींतील एका स्नेह्यांच्या घरीं असा प्रसंग घडला. चहापान चाललें होतें. त्या घरच्या सूनबाई शाळेंत शास्त्र शिकवितात. समुद्राचें पाणी हळूहळू तापत आहे, त्याची घडणहि बदलत आहे, आणि त्यांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचधारी जीवांना त्याचा त्रास होऊं लागला आहे, असें त्या सांगत होत्या. एक वयोवृद्ध व बहुश्रुत गृहस्थ मध्येंच म्हणाले, "अहो सूनबाई, कोल्हापूरला समुद्र नाहीं. आम्हांला आमची पंचगंगा पुरे!" मंडळी हंसली, सूनबाईहि हंसल्या, आणि गोष्टी निवडणुकीकडे वळल्या. आम्हीहि त्या वेळीं गप्पच बसलों. त्या मौनाचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहों.

त्या गृहस्थांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्यांनीं बोलून दाखविलें तें बाकीच्यांच्या मनांत होतें, एवढाच फरक. म्हणून येथें वाद त्यांच्याशीं नाहीं; आम्हां सर्वांच्या त्या समजुतीशीं आहे.

प्रथम हे जीव कोण तें पाहूं. पाण्याच्या ओघाबरोबर वाहत जाणाऱ्या, ओघाविरुद्ध पोहण्याचें बळ नसलेल्या जीवसमुदायाला मराठींत प्लवक असें नांव आहे. त्यांपैकीं कांहीं जीव समुद्राच्या पाण्यांत विरघळलेला चुना वेंचून आपल्याभोवतीं कवच बांधतात. कॉकोलिथोफोर हीं एकपेशीय शैवालें. त्यांच्या अंगावर चुन्याच्या नक्षीदार चकत्या असतात, आणि त्या इतक्या बारीक कीं, साध्या सूक्ष्मदर्शकालाहि त्यांची नक्षी नीट उलगडत नाहीं. फोरॅमिनिफेरा हे एकामागून एक खोल्या वाढवीत वाळूच्या कणाएवढें घर बांधणारे एकपेशीय जीव. टेरोपॉड ही चिमुकली पोहणारी गोगलगाय. तिचा पाय पंखांसारखा पसरतो, म्हणून युरोपांत तिला समुद्रांतलें फुलपाखरूं म्हणतात. कोंकणांतून येणाऱ्या तिसऱ्या व कालवें आपण आवडीनें खातों. त्यांचीं पिलेंहि जन्मल्यावर कांहीं काळ प्लवकांतच तरंगत असतात व तेवढ्या अवधींतच आपलें पहिलें कवच घडवितात.

हे जीव मरतात आणि त्यांचीं कवचें तळाशीं बसतात. खोल समुद्राच्या तळाचा जवळजवळ निम्मा भाग अशा चुनखडीच्या गाळानें आच्छादलेला आहे. १८६८ सालीं थॉमस हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञानें नॉरिच शहरीं कामकरी लोकांपुढें खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिलें, आणि इंग्लंडच्या पांढऱ्या टेकड्या अशाच जीवांच्या कवचांच्या बनल्या आहेत हें त्यांना समजावून सांगितलें. नॉरिच शहरहि समुद्रकांठीं वसलेलें नाहीं; परंतु 'नॉरिचला समुद्र नाहीं' असें म्हणून कोणी मध्येंच उठून गेल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आतां पहिला आक्षेप. हे जीव असले तर असोत. त्यांचें आम्हां घाटावरच्या लोकांना काय?

शाहूपुरींत राहणाऱ्यानें हा प्रश्न विचारावा हें जरा नवलच आहे. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, आणि १८९५ सालीं शाहू महाराजांनीं स्टेशनालगत ही व्यापारपेठ वसविली. येथला गूळ गुजराथेपर्यंत जाऊं लागला. 'कोल्हापूरला गुजराथ नाहीं' असें म्हणून त्या वेळच्या एकाहि अडत्यानें आपलें दुकान बंद केलें नाहीं. जेथून पैसा येतो तें ठिकाण कितीहि दूर असलें तरी आपलें वाटतें. मग जेथून पाऊस येतो तें ठिकाण परकें कसें?

जूनचा पहिला आठवडा लागला म्हणजे कोल्हापुरांतील अत्यंत कट्टर समुद्रद्वेष्ट्याचे डोळेहि पश्चिमेकडे लागतात. गगनबावड्याच्या बाजूनें जे ढग चढून येतात ते अरबी समुद्रावरून आलेले असतात. त्यांच्या पाण्यानें कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती भरतात; त्यांच्या जिवावर ऊंस उभा राहतो, गुऱ्हाळें पेटतात आणि मुलांच्या शाळेची फी भरली जाते. या पावसाचा इतिहास कोणीं लिहून ठेवला आहे? पर्जन्यमापकाच्या नोंदी फार तर दीडदोनशें वर्षांच्या. त्यापलीकडचा हिशेब पाहावयाचा असेल तर ज्या दफ्तरखान्यांत जावें लागतें, तो अरबी समुद्राच्या तळाशीं आहे. आणि तेथील कारकून हेच कवचधारी जीव आहेत.

तें कसें, हें सांगितलें पाहिजे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांवरून जोरानें वाहूं लागला कीं, वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें आणि त्याच्या जागीं खालचें थंड व पोषक पाणी वर येतें. ग्लोबिजेरिना बुलॉयडीस या नांवाच्या फोरॅमिनिफेराला हें पाणी फार मानवतें. ज्या काळांत वारा जोराचा, त्या काळच्या गाळांत त्याचीं कवचें अधिक. वारा मंद, तर कवचें कमी. असे थरावर थर साचत जातात. ओमानसमोरच्या गाळांतील हीं कवचें मोजून अनिल गुप्ता या भारतीय शास्त्रज्ञानें व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनीं गेल्या सुमारें दहा हजार वर्षांत आपला मोसमी वारा केव्हां बळावला व केव्हां खचला याचा आलेख काढला, आणि तो २००३ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गोव्यास दोना पावला येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनींहि कारवारसमोरच्या गाळांतील फोरॅमिनिफेरांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत करवीर राज्याचे मोडी रुमाल जतन करून ठेवलेले आहेत. त्यांतील एका रुमालाला कसर लागली असें उद्यां कळलें तर आमचें शहर पेटून उठेल. वर्तमानपत्रांत पत्रें येतील, सभा होतील, आणि तें योग्यच होईल. परंतु आमच्या पावसाचें दहा हजार वर्षांचें दफ्तर लिहिणाऱ्या कारकुनांच्याच बोटांतली शक्ति जात आहे, असें एक शिक्षिका सांगूं लागली तर आम्ही हंसतों! जुनें दफ्तर उद्यांच्या उद्यां नाश पावेल असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न आज लिहिलें जाणाऱ्या पानाचा आहे.

शिवाय हे जीव केवळ बखरकार नव्हेत. कवच हें वजन आहे. मेलेल्या जीवांचे अवशेष या वजनाच्या ओढीनें लवकर खोलवर जातात, आणि त्यांच्याबरोबर हवेंतून समुद्रांत आलेल्या कार्बनचा कांहीं अंशहि खोल गाडला जातो. हें काम अहोरात्र, बिनपगारी आणि आपण झोपलेलों असतांनाहि चाललेलें असतें.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. तो असा, कीं समुद्राचें पाणी मुळांत आम्ल नाहींच. त्याचा सामू आठाच्या वर, म्हणजे तें अल्कधर्मी. उद्यांहि तें लिंबाच्या रसासारखें होणार नाहीं. मग समुद्राचें आम्लीकरण ही भाषा म्हणजे लोकांना भिवविण्याचा उद्योग नव्हे काय?

यांतील पहिलीं तिन्ही विधानें खरीं आहेत. निष्कर्ष मात्र खोटा आहे. मुलाच्या अंगांत ताप चढला म्हणजे त्याचें रक्त उकळूं लागलें असें कोणी म्हणत नाहीं; तरी अठ्ठ्याण्णवाचे एकशेंदोन झाले कीं आपण डॉक्टरांकडे धांवतों. कारण देह विशिष्ट मर्यादेंत चालतो, आणि त्या मर्यादेंतला थोडा बदलहि त्याला भोंवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीं समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू सुमारें ८.२ होता, आज तो सुमारें ८.१ आहे. हा दशांशाचा फरक क्षुल्लक दिसतो, कारण हें माप साध्या बेरजेचें नसून दहाच्या पटींचें आहे. त्याचा अर्थ असा कीं, पाण्यांतील हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्क्यांनीं वाढले आहेत.

हें समजण्यासाठीं कोल्हापूरकराला प्रयोगशाळेंत जाण्याची गरज नाहीं. गुऱ्हाळावर गेलें तरी पुरे. काहिलींत रस उकळत असतो. रसांत आंबटपणा असला तर गूळ नीट धरत नाहीं, त्याला रंग व कण येत नाहीं. म्हणून गुळव्या अंदाजानें चुन्याची निवळी त्यांत टाकतो. चुन्यानें आंबटपणा मारला जातो. मात्र हें करतांना चुना स्वतः खर्ची पडतो, हें विसरतां कामा नये. समुद्रांत नेमकें हेंच चाललें आहे. हवेंतील कार्बन डायऑक्साइड पाण्यांत विरघळला म्हणजे त्याचें कर्बाम्ल होतें; त्यांतून सुटलेला हायड्रोजन पाण्यांतल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतो आणि तें कार्बोनेट कामांतून जातें. तेंच कार्बोनेट म्हणजे आमच्या चिमुकल्या गवंड्यांची वीट. आम्ल पाणी त्यांचें घर पाडण्यापूर्वीं त्यांच्या हातांतली वीट काढून घेतें. मग एक तर भिंत पातळ बांधावी लागते, नाहीं तर तेवढीच भिंत बांधायला अधिक अन्न व अधिक श्रम खर्चावे लागतात. जेथें कार्बोनेटचा दुष्काळच पडतो तेथें बांधलेली भिंतहि विरघळूं लागते.

आणि हें आम्ल थोडेंथोडकें नाहीं. औद्योगिक क्रांतीपूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें २८० भाग होते; २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले होते. मनुष्यजात दरसाल जो कार्बन डायऑक्साइड हवेंत सोडते त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो. याशिवाय पृथ्वीवर सांठणाऱ्या जादा उष्णतेपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक तोच शोषतो. आपल्या अंगणांत होणारा उकाडा त्यानें इतकीं वर्षें आपल्या अंगावर घेतला. आणि आम्ही विचारतों, त्याचा आमच्याशीं संबंध काय?

येथें कोणी म्हणेल, हें सर्व कागदावरचें गणित झालें. प्रत्यक्षांत कांहीं दिसलें आहे काय? दिसलें आहे. दक्षिण महासागरांत २००८ सालीं पकडलेल्या जिवंत टेरोपॉडांचीं कवचें झिजून विरघळूं लागलेलीं आढळलीं. तो वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच महासागरांतील आजच्या ग्लोबिजेरिना बुलॉयडीसचीं कवचें तळाच्या जुन्या गाळांतील कवचांहून ३० ते ३५ टक्क्यांनीं हलकीं भरलीं, असें २००९ सालीं दुसऱ्या एका संशोधकमंडळानें दाखविलें. 'चॅलेंजर' नांवाचें इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ या काळांत जगभर समुद्र धुंडाळीत फिरलें. त्यानें आणलेले नमुने लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. पॅसिफिक महासागरांतील ते जुने फोरॅमिनिफेरा आणि अलीकडे 'तारा' या फ्रेंच जहाजानें गोळा केलेले नवे, यांची तुलना २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तपासलेलीं सर्व नवीं कवचें जुन्यांहून पातळ निघालीं. एका जातींत तर हा फरक ७६ टक्क्यांपर्यंत गेला. दीडशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या, त्यांना आपण कोणत्या खटल्याचा पुरावा जपून ठेवीत आहों याची कल्पनाहि नसेल.

आमच्या अरबी समुद्राचें काय? सोमालियासमोरच्या पाण्यांतील व गाळांतील फोरॅमिनिफेरांचा अभ्यास करून कांहीं युरोपीय संशोधकांनीं २००९ सालीं लिहिलें कीं, अलीकडचीं कवचें हलकीं दिसतात आणि त्याचें कारण मानवनिर्मित आम्लीकरण हें असावें. मात्र त्यांनीं आपल्या निबंधाच्या मथळ्यापुढें प्रश्नचिन्ह घातलें. तें प्रश्नचिन्ह आम्हीहि येथें पुसणार नाहीं. त्या किनाऱ्यावर खालचें पाणी निसर्गतःच वर येतें व तें मुळांतच कार्बन डायऑक्साइडनें भरलेलें असतें. तेव्हां निसर्गाचा वांटा किती व मनुष्याचा किती हें तोडून दाखविणें कठीण आहे. शिवाय उष्ण समुद्रांत चुन्याची शिल्लक ध्रुवाकडील समुद्रांपेक्षां पुष्कळच अधिक आहे. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर शंखशिंपले आजच विरघळूं लागले आहेत, असें जो सांगेल तो आपल्याच पक्षाचें नुकसान करील. कांहीं कॉकोलिथोफोर तर जादा कार्बनमध्यें अधिक फोफावतात असेंहि आढळलें आहे. हें सर्व आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. परंतु ज्याच्या तिजोरींत शिल्लक आहे त्यानें उधळपट्टी चालूं ठेवावी, असा न्याय आमच्या शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांत तरी ऐकूं येत नाहीं.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या आधारानें येतो, आणि म्हणून तो आम्हांला अधिक आवडतो. डायनोसॉरांच्या काळीं हवेंत कार्बन डायऑक्साइड आजच्याहून कितीतरी अधिक होता. तरी त्याच काळीं खडूच्या टेकड्या बनल्या. मग आजच एवढी आरडाओरड कां?

याचें उत्तर एका शब्दांत आहे: वेग. समुद्राजवळहि एक गुळव्या आहे. जमिनीवरचे खडक पावसानें झिजतात आणि त्यांतील क्षार नद्यांवाटे समुद्राला मिळतात. तळावरचा चुनखडीचा गाळहि थोडाथोडा विरघळून आंबटपणा मारतो. परंतु गुऱ्हाळावरच्या गुळव्याचा हात क्षणांत चालतो, आणि समुद्राच्या गुळव्याला हात हलवायला हजारों वर्षें लागतात. कार्बन लाखों वर्षांत सावकाश वाढला तर चुन्याची भर त्याच्या पायाला पाय लावून चालते. म्हणून खडूच्या टेकड्या बनूं शकल्या. तोच कार्बन दोनअडीचशें वर्षांत ओतला तर गुळव्या जागा होण्यापूर्वींच रस बिघडतो.

इतिहासाचाच दाखला हवा असेल तर तोहि देतों. सुमारें ५ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं समुद्रांत व हवेंत कार्बनचा मोठा लोट आला, पृथ्वी तापली, आणि खोल समुद्राच्या तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती नाहींशा झाल्या. सर्व पूर्वपदावर यायला लाखाहून अधिक वर्षें लागलीं. तो कार्बन हजारों वर्षांत सुटला होता. आज आपण तो सुमारें दहापट वेगानें सोडीत आहों.

त्याहून जवळचाहि दाखला आहे, आणि तो तर आमच्या पायांखालींच आहे. पन्हाळ्याचा व जोतिबाचा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो दख्खनचा लाव्हा सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वींचा. त्याच सुमारास मेक्सिकोंत एक प्रचंड अशनि कोसळली. त्या आघातानंतर समुद्राचें वरचें पाणी एकदम आम्ल झालें, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें आहे. त्या संहारांत प्लवकांतील फोरॅमिनिफेरा व कॉकोलिथोफोर यांच्या बहुतेक सर्व जाती नष्ट झाल्या. त्यांत अशनीचा दोष किती आणि आमच्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालूं आहे. तो वाद कसाहि मिटो; कोल्हापूरचा प्रत्येक जुना वाडा ज्या दगडानें बांधला आहे तो दगड या कवचधारी जीवांच्या सर्वांत मोठ्या आपत्तीचा समकालीन आहे. आणि त्याच दगडाच्या ओट्यावर बसून आम्ही म्हणतों कीं, आमचा त्यांच्याशीं संबंध नाहीं!

चौथा आक्षेप म्हणजे, जीव परिस्थितीशीं जुळवून घेतील. येथें तापलें तर दुसरीकडे जातील. जगाच्या कांहीं भागांत हें खरेंहि आहे. गाळांतील जुने समुदाय आणि आजचे समुदाय यांची २०१९ सालीं जी तुलना झाली, तींत उष्ण पाण्यांतील जाती पूर्वींच्या थंड प्रदेशांत सरकलेल्या दिसल्या. परंतु आमच्या समुद्राचा नकाशा उघडून पाहावा. अटलांटिक किंवा पॅसिफिक महासागरांतला जीव उकाडा वाढल्यावर उत्तरेची वाट धरूं शकतो. अरबी समुद्राच्या उत्तरेला मकराण आणि काठेवाड आहे. तेथें वाटच नाहीं. आणि आमचा समुद्र आधींच उष्ण असल्यामुळें गेलेल्यांच्या जागीं येणारे पाहुणेहि कोठून येणार?

उकाडा तर वाढतच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं दाखविलें कीं, १९०१ ते २०१२ या काळांत पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यांत सुमारें १.२ अंश सेल्सिअसनें तापला. वरचें पाणी तापून हलकें झालें म्हणजे खालचें पोषक पाणी वर येण्यास अडथळा होतो. त्या भागांतील वनस्पतिप्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले, असा त्यांचाच २०१६ सालचा निष्कर्ष आहे. म्हणजे एकीकडे वीट महाग झाली आणि दुसरीकडे गवंड्याची भाकरीहि अर्धपोटी झाली. त्याच शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं असेंहि दाखविलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले, आणि त्यांना लागणारी वाफ तापलेल्या अरबी समुद्राकडून येते.

२०१९ व २०२१ सालीं पंचगंगेचें पाणी शाहूपुरीच्या गल्ल्यांत शिरलें होतें. कुंभार गल्लींत गणपतीच्या मूर्ति वांचवितांना झालेले हाल आम्ही विसरलों नाहीं. एखाद्या वर्षाचा महापूर एकट्या समुद्राच्या माथीं मारणें शास्त्राला धरून होणार नाहीं. धरणें, नदीपात्रांतील बांधकामें यांचाहि त्यांत वांटा असूं शकतो. परंतु त्या दिवसांत आमच्या त्याच बहुश्रुत मंडळींच्या तोंडीं एकच प्रश्न होता: 'पाऊस असा कां वागूं लागला?' त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि वाटेनें शोधूं गेलें तरी वाट समुद्राशीं जाऊन पोंचते. पाणी ओटीवर आलें म्हणजे प्रश्न विचारावयाचा, आणि तें ओसरल्यावर उत्तर सांगणाऱ्याला हंसावयाचें, हा शहाणपणा नव्हे.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: हें पाप युरोप-अमेरिकेनें केलें, आम्ही काय करणार? पापाचा मोठा वांटा त्यांचाच आहे, आणि दर माणशीं पाहतां आजहि भारताचा वांटा जगाच्या सरासरीहून कमी आहे. हा न्याय आम्ही ठासून मागितला पाहिजे. परंतु एकंदर रकमेंत आज भारताचा क्रम जगांत तिसरा लागतो, हेंहि तितकेंच खरें. ज्या गरिबाच्या घरीं अजून दिव्याची भ्रांत आहे त्याला आम्ही कांहीं सांगत नाहीं. हा लेख ज्या घरांत वाचला जाईल, त्या घरांतील लोकांना सांगतों. त्या घरांतून एका माणसासाठीं मोटार बाहेर पडते, मोकळ्या खोलींतहि गारव्याचें यंत्र चालतें, आणि लग्नसमारंभांत विजेची रोषणाई पहांटेपर्यंत जळते. तेथें 'आम्ही काय करणार?' हा प्रश्न शोभत नाहीं. कोळशाऐवजीं सूर्याची वीज घेणें, नगरपालिकेकडून चांगल्या बसगाड्या मागणें, मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला हा विषय विचारणें, यांपैकीं एकहि गोष्ट आमच्या ऐपतीबाहेरची नाहीं.

परंतु आमचा मुख्य आरोप निराळा आहे, आणि तो आमच्या वाङ्मयावर आहे. मराठी लेखकाला समुद्र फार आवडतो. पण त्याला तो सूर्यास्तापुरता लागतो. लाटा, वाळू, विरह आणि क्षितिज यांनीं आमचीं पानेंच्या पानें भरलेलीं आहेत. त्याच समुद्राच्या ओंजळभर पाण्यांत काय घडतें, हें सांगणारा एखादा निबंध हवा असला तर तो फार शोधावा लागतो. मालवणला सुटी घालवून आलेला मनुष्य शिंपले घेऊन येतो, काचेच्या कपाटांत मांडतो, आणि तीं कोणीं बांधलेलीं घरें आहेत हें त्याच्या मुलानें विचारलें तर विषय बदलतो. ज्ञान परक्या भाषेंत राहिलें म्हणजे दुःखहि परकें वाटूं लागतें. त्या सूनबाईंना आम्ही हंसलों याचें खरें कारण हेंच होतें. त्या जें सांगत होत्या तें आम्हीं आमच्या भाषेंत पूर्वीं कधीं ऐकलेंच नव्हतें.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शहरांतील शाळांनीं सहलीसाठीं गोव्यास जावें तेव्हां देवळें व किनारे यांबरोबर दोना पावल्याच्या संस्थेचेंहि दर्शन मुलांना घडवावें. प्रत्येक शाळेंत एक चांगला सूक्ष्मदर्शक असावा, आणि कपाटांत नव्हे तर मेजावर असावा. मासिकांनीं कवितेइतकीच जागा अशा विषयांना द्यावी. समुद्राची नाडी दरसाल मोजणारें काम पैशाअभावीं खंडित होऊं नये, असा आग्रह आम्हीं घाटावरच्या लोकांनीं, ज्यांचें पीक त्या नाडीवर चालतें त्यांनीं, सर्वांआधीं धरावा.

राहतां राहिलें त्या गृहस्थांचें वाक्य. कोल्हापूरचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो. तो पंचगंगेंत उतरतो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतो, आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरांत जातो. ज्या पंचगंगेवर ते संतुष्ट आहेत, ती एका समुद्राची देणगी दुसऱ्या समुद्राला पोंचती करणारी नदी आहे. कोल्हापूरला समुद्र नाहीं म्हणतां? कोल्हापूरला दोन समुद्र आहेत. पुढच्या वेळीं सूनबाई बोलूं लागल्या म्हणजे त्यांना निदान चहा संपेपर्यंत तरी बोलूं द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.